अंगठ्याआडची मेख

यंत्राचा निकाल एका ओळीचा होता. "कथा क्रमांक ३१७, खाटटोला. मूळ अक्षांश ४१ अंश उत्तर. काळ गेल्या सातशे वर्षांतला."

एक्केचाळीस अंश उत्तर म्हणजे ताश्कंद वगैरे. आमचा खाटटोला आहे वीस अंशांवर, चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या जंगलात, उणीपुरी बारा घरं. आमच्या लोकांनी बर्फ पाहिला असेल तर आठवडी बाजारातल्या गोळेवाल्याच्या गाडीवर. आणि यंत्र म्हणतं, तुम्ही बर्फातून आलात. उपरे आहात. पंधरा जूनच्या आत टोला रिकामा करा.

मी, जयमाला तुमराम, त्याच संस्थेत नोकरीला होते जिथं हे यंत्र बसवलंय. निकालाचा कागद माझ्याच टेबलावरून गेला. मी हे रागानं लिहिते आहे, आणि राग शांत झाल्यावर लिहावं असं मला वाटत नाही. शांत झाल्यावर लोक फार समजूतदार लिहितात.

यंत्राचं नाव 'नभमूळ'. ते करतं काय, ते आधी सांगते, कारण त्यातलं विज्ञान खोटं नाही. पृथ्वी भोवऱ्यासारखी फिरते, आणि वेग उतरलेल्या भोवऱ्याचं डोकं जसं डुलतं तसा तिचा अक्षही डुलतो. एक डुल पुरी व्हायला सुमारे सव्वीस हजार वर्षं लागतात. त्यामुळं आकाशातली न हलणारी जागा, म्हणजे ध्रुवाची जागा, कायमची कुणा एका ताऱ्याच्या मालकीची नाही. आज तिथं आपला ध्रुवतारा आहे. पूर्वी दुसरे होते, पुढं तिसरे असतील.

दुसरी गोष्ट. जितकं उत्तरेला जावं तितका ध्रुव उंच दिसतो, आणि त्याच्याभोवती फिरणारे जास्त तारे कधीच मावळत नाहीत. आमच्याकडं सप्तर्षी वर्षातले काही महिने संध्याकाळी क्षितिजाखाली असतात. एक्केचाळीस अंशांवर ते कधीच पुरते बुडत नाहीत.

आता एखाद्या जुन्या गोष्टीत कोणता तारा हलत नाही आणि कोणते तारे मावळत नाहीत एवढं सांगितलेलं असलं, तर ती गोष्ट पहिल्यांदा कुठून आणि केव्हा आकाश बघून रचली गेली, याचं गणित मांडता येतं. नभमूळ हेच करतं. सुरुवातीला आम्ही सगळे त्यावर फिदा होतो. सात ताऱ्यांना एकीकडं अस्वल म्हणतात, दुसरीकडं नांगर, तिसरीकडं ऋषी, आणि आमच्याकडं म्हातारीची बाज. कुणाचं नाव कुठून कुठं गेलं, हे पाहताना जेवणाची सुटी संपलेली कळायची नाही.

मग मूळस्थान आयोग आला. जंगलातल्या जमिनीवर कुणाचा हक्क, हे ठरवायला त्यांना कागद हवे होते आणि जंगलातल्या लोकांकडं कागद नव्हते, गोष्टी होत्या. कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की गोष्टींचेच कागद करू. गोष्ट इथली निघाली तर तुम्ही इथले. बाहेरची निघाली तर बाहेर व्हा.

आकाश बघून जमीन काढून घ्यायची कल्पना ऐकून मी तेव्हाच राजीनामा फेकायला हवा होता. फेकला नाही. गोष्टी गोळा करायची नोकरी होती, गावोगाव फिरायला मिळत होतं, आणि मला वाटलं, माझ्या लोकांच्या गोष्टी निदान माझ्या हातून तरी नीट जातील. मी स्वतःला फार शहाणी समजत होते.

*

निकाल वाचला आणि मी तडक डॉ. अनिकेत बोडसांच्या खोलीत गेले. नभमूळ त्यांनीच बांधलं. बाहेर नागपूरची सेहेचाळीस डिग्री होती, आत एसी खडखडत होता. माणूस सभ्य आहे. बसा म्हणाले, कोकम सरबत मागवलं. मी बसले नाही.

"सर, हे चूक आहे."

"जयमाला, मला कळतंय, हे तुमचं गाव आहे. पण तुमचीच गोष्ट बघा ना. म्हातारी बाजेवर झोपलीय. तीन चोर बाज ओढून न्यायला बघतात. चार तारे म्हणजे बाजेचे पाय, तीन म्हणजे चोर. तिनं बाज मेखेला बांधलीय, म्हणून चोर मेखेभोवती गोल गोल फिरत राहतात आणि म्हातारीची बाज जमिनीला कधीच टेकत नाही. बरोबर?"

"बरोबर."

"वीस अंशांवर ती टेकते. बुडतेच. म्हणजे गोष्ट रचणाऱ्यानं आकाश उत्तरेतून पाहिलं."

"किंवा फार पूर्वी पाहिलं," मी म्हणाले. "तेव्हा ध्रुवपद सप्तर्षींच्या जवळ होतं."

बोडसांनी मान डोलावली. "बरोब्बर. पावणेपाच हजार वर्षांपूर्वी कालेय समूहातला एक फिकट तारा ध्रुवाच्या जागी होता. तेव्हा वीस अंशांवरूनही सप्तर्षी जवळजवळ मावळत नव्हते. गणिताला दोन्ही उत्तरं चालतात. लांबचं पण अलीकडचं, किंवा इथलंच पण अतिप्राचीन. यातलं कुठलं खरं, ते मेख ठरवते. मेख म्हणजे कोणता तारा? आणि ते तर तुम्हीच लिहून दिलंय."

त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. गोष्टीच्या नोंदीसाठी मी पाच वर्षांपूर्वी भरलेला अर्ज. 'स्थानिक नाव: मेख. प्रमाण नाव: ध्रुव.' खाली माझी सही, वळणदार, नव्या नोकरीतली.

प्रमाण नावाचा रकाना रिकामा ठेवला की अर्ज पुढं सरकत नसे. न हलणारा तारा म्हणजे ध्रुव, हे शाळेतलं पोरसुद्धा सांगेल. मी कुणाला विचारलंच नव्हतं.

"सर, तुम्ही शर्मिष्ठा म्हणता तो तारकासमूह मुळात ग्रीकांची राणी आहे," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "अलीकडं पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तिला आपल्याकडचं नाव दिलं. तुमच्या आकाशात परदेशी राणी राहते. तुम्हाला कुणी पंधरा जूनपर्यंत सदाशिव पेठ रिकामी करायला सांगितली का?"

"मी नियम केले नाहीत, जयमाला."

"नाही. तुम्ही नुसतं यंत्र दिलंत."

सरबत तिथंच राहिलं.

*

मेच्या उन्हाळ्यात टोल्यावर घरात कुणी झोपत नाही. दिवेलागण झाली की अंगणात बाजा पडतात. माझी आत्या, सोमीबाई, वय असेल पंचाहत्तरच्या पुढं, तिनं शेणानं सारवलेल्या अंगणात बाज टाकली होती. तिनंच मला वाढवलं. आश्रमशाळेत घालायला तीच घेऊन गेली होती, पायी.

मी तिला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली.

"ताशकन कोणत्या तालुक्यात येते?" तिनं विचारलं.

"परदेशात हाय, आत्या."

"अन् तिथं आपला कोण हाय?"

"कोणी नाई."

"मंग कायले जाऊन रायलो आपण?"

मला हसूही आलं आणि रडूही. बाजेवर बसून मी तिला म्हटलं, "आत्या, मेख कोणती थे दाखव मले."

"तुले त दाखवली होती. पाच साल झाले."

"पुन्हा दाखव."

ती दक्षिणेकडं डोकं करून उताणी पडली, पाय उत्तरेला. एक डोळा मिटला. मग उजवा पाय सरळ ठेवून वर उचलला आणि पायाच्या अंगठ्यानं आकाशातली एक जागा झाकली.

"हे पाह्य. मेख अंगठ्याआड घ्यायची, मंग गोष्ट सांगायची. असंच असते. माह्या मायनं असंच सांगतलं, तिच्या मायनं असंच."

मी तिच्या डोक्याशी डोकं लावून पडले आणि तिच्या पायाच्या रेषेत पाहिलं. ध्रुव तिकडं नव्हताच. तो खाली, मोहाच्या झाडांच्या शेंड्यांना लागून होता. आत्याचा पाय त्याच्या दुप्पट उंच होता, उलट्या पडलेल्या बाजेच्या जरा खाली. तिनं अंगठा बाजूला केला तर तिथं एक फिकट तारा. कालेयातला. आमच्या संस्थेच्या नकाशात त्याला नुसता क्रमांक आहे.

"पण आत्या, थो त हलते. रात्रभर फिरते."

"आता फिरते. पहिले नव्हता फिरत. मेख सैल झाली ना! म्हणून त कार्तिकात बाज जमिनीले टेकते. म्हातारी खाली, अन् आपण वर झोपाव? म्हणून आपल्या टोल्यात कार्तिकात कोणी बाजेवर झोपत नाई, बाज उभी करून ठेवतात. तुले मी हेबी सांगतलं होतं, जयमाले. तू लिहून रायली होती."

सांगितलं होतं. मला आठवलं. 'मेख सैल झाली' हे वाक्य मी गाळलं होतं, विसंगत म्हणून. सव्वीस हजार वर्षांची डुल ज्यात भरली होती ते वाक्य मी स्वतःच्या हातानं खोडलं, कारण ते म्हणणारी बाई बाजेवर लोळत होती आणि मी टॅबवर बोट चालवत होते. मान वर करून तिच्या पायाकडं एकदा पाहिलंही नव्हतं.

आणि त्याहून वाईट. मी चित्रफीत घेतली होती, आणि पाठवताना चित्र वगळून नुसता आवाज पाठवला. आश्रमशाळेत आम्हाला शिकवलं होतं की थोरांकडं पाय करू नये, देवाकडं तर नाहीच. माझी आत्या साक्षात सप्तर्षींकडं पाय करून, लुगडं पोटरीपर्यंत सरकलेलं, गोष्ट सांगत होती. नागपूरच्या साहेबांपुढं ते जावं याची मला लाज वाटली.

मी त्या चित्रफितीचं मेमरी कार्ड फेकलं नव्हतं. आत्याचं दुसरं हलतं चित्र माझ्याकडं नव्हतं, म्हणून टिकलीच्या डबीत जपून ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी ते बोडसांना पाठवलं. तारीख पाच वर्षांपूर्वीची, वेळ संध्याकाळची साडेआठ, बाज आणि पाय दोन्ही स्पष्ट.

दुपारी त्यांचा फोन आला.

"त्रेचाळीस अंश! पायाची उंची त्रेचाळीस अंश आहे, जयमाला. त्या तारखेला, त्या वेळेला तोच तारा. मी यंत्रात घालून पाहिलं. वीस अंश उत्तर, चार हजार सातशे वर्षं. तुमची गोष्ट आमच्या साठ्यातली सगळ्यात जुनी ठरते! सुनावणी सोमवारी आहे ना? मी स्वतः येतो. तीनशे सतरामध्ये दुरुस्ती करून घेऊ, तुमचा टोला सुटला."

"आणि बाकीचे, सर?"

"बाकीचे म्हणजे?"

"मेख एकोणीस टोल्यांच्या गोष्टीत आहे. एकोणीसही अर्ज मी भरलेत. एकोणीसही वेळा मी ध्रुव लिहिलंय, न बघता."

पलीकडं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"जयमाला, ऐका," ते हळू आवाजात म्हणाले. "त्यांची चित्रफीत नाही. आता नव्यानं कुणी पाय वर केला तरी आयोग म्हणणार, शिकवून आणलंय. आणि एकोणीस नोंदी खोट्या भरल्या असं तुम्ही स्वतःच सांगितलंत तर तुमच्यावर गुन्हा दाखल होईल. अख्ख्या साठ्यावरचा विश्वास उडेल. बारा निकालांची अंमलबजावणीसुद्धा झालीय. तुमचं गाव वाचतंय ते वाचवा. एवढंच करा."

मी फोन ठेवला. आत्या सूप घेऊन मोहाची फुलं निवडत होती. फोन स्पीकरवर होता, तिनं सगळं ऐकलं होतं.

"बारा म्हणजे बेलटोला धरून?" तिनं विचारलं.

मी मान डोलावली. बेलटोल्यात तिची लेक दिली होती, फुलवंता. गेल्या महिन्यात तो टोला उठवला. फुलवंता, नवरा, दोन पोरं, सगळी आता हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये होती. तिथं रात्रभर ट्रकांचे दिवे असतात. कोणताच तारा दिसत नाही. तो निकालही माझ्या टेबलावरून गेला होता, आणि मी मंत्र्यासंत्र्यांना शिव्या घालत घरी गेले होते. स्वतःचा अर्ज उघडून बघायचं सुचलं नव्हतं.

"आपली बाज रायली अन् फुलवंताची गेली," आत्या म्हणाली, "त मी थ्या बाजेवर निजू कशी? सांग मले. तू शिकली हायेस."

तिनं मला आयुष्यात एकदाच मारलं होतं, आश्रमशाळेतून पळून आले तेव्हा. या वेळीही मारलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती फुलं निवडत राहिली.

*

सुनावणी तालुक्याला, पंचायत समितीच्या सभागृहात होती. भर दुपार, पंखे गरम हवा खाली ढकलत होते. सुनावणी अधिकारी मंचावर, बाजूला डॉ. बोडस, खाली एक कारकून संगणकावर. टोल्यातली माणसं आली होती आणि त्यांनी बाज आणली होती. ती दारातून आत येईना, म्हणून आडवी करून घ्यावी लागली. शिपाई आडवा आला तेव्हा मी त्याला म्हटलं, हा पुरावा आहे, हात लावू नका.

बोडसांनी चित्रफीत दाखवली, आकडे सांगितले. चांगलं बोलले. अधिकारी म्हणाले, "प्रत्यक्ष कथनकर्तीनं दाखवावं. नियम आहे."

आत्यानं विचारलं, "उत्तर कोण्या अंगाले?"

मी दाखवलं. उत्तर नेमकी मंचाच्या बाजूला होती.

आत्या बाजेवर उताणी झाली. एक डोळा मिटला आणि उजवा पाय उचलला. भेगाळलेला, मातीनं भरलेला पाय थेट सुनावणी अधिकाऱ्यांच्या तोंडासमोर उभा राहिला. सभागृहात कुणीतरी फिस्सकन हसलं.

"अहो बाई, पाय खाली घ्या!" अधिकारी खुर्चीत मागं सरकले. "ही काय पद्धत झाली?"

पाच वर्षांपूर्वी याच पायाची मला लाज वाटली होती. त्या दुपारी मला वाटलं, घ्या, नीट बघून घ्या.

"पाय खाली घेतला त मेख सुटन," आत्या बाजेवरूनच म्हणाली. "मंग तुमचं आभाळ कोण धरून ठेवीन? मोजा आधी."

बोडस स्वतः खाली उतरले आणि कोनमापक धरलं. त्रेचाळीस. छताकडं बघत, भर दुपारी, तारा नसताना.

अधिकाऱ्यांनी घाम पुसला. "ठीक आहे. तीनशे सतरामध्ये दुरुस्ती मान्य. लिहा. स्थानिक नाव मेख. प्रमाण नाव..." ते बोडसांकडं पाहू लागले.

कारकुनाची बोटं थांबली होती. "सर, रकाना रिकामा ठेवला तर पुढं जात नाही."

"मेख," मी म्हणाले.

"ते स्थानिक झालं. प्रमाण नाव सांगा."

"तेच प्रमाण. मेख लिहा."

बोडसांनी कारकुनाला मानेनं खूण केली. त्यानं लिहिलं. पडद्यावर हिरवी खूण आली, टोल्यातली माणसं उभी राहिली, कुणी आत्याला हात देऊन उठवू लागलं. आमचं काम झालं होतं. मी तेवढ्यावर घरी गेले असते तर आज माझी नोकरी असती, आणि माझ्यावर खटला नसता.

"थांबा," मी म्हणाले. "मला लेखी निवेदन द्यायचंय. मी, जयमाला तुमराम, संस्थेची संकलक. एकोणीस नोंदींत मी कुणालाही न विचारता, आकाशाकडं न बघता ध्रुव असं लिहिलं. एकोणीसही नोंदी खोट्या आहेत. त्यांवरचे एकोणीसही निकाल खोटे आहेत, ज्यांची घरं तुम्ही पाडलीत तेही."

"याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"फुलवंताला माहीत आहे," मी म्हणाले. "ती शेडमध्ये आहे."

बोडस माझ्याकडं बघत नव्हते. आत्या उठली नव्हती. तिनं आधाराचा हात बाजूला सारला होता, ती तशीच बाजेवर पडून होती, आणि तिचा पाय अजून वर होता. थरथरत होता, पण वर होता.

मी कारकुनाशेजारची खुर्ची ओढली आणि बसले.

"अठरा राहिलेत," मी त्याला म्हटलं. "पुढची नोंद काढा. बेलटोला."